आईचे हातपाय सैल पडलेत, ते वयामुळेच का?

पुण्यातल्या धायरीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात :

"माझी आई ७१ वर्षांची आहे, माझ्याकडेच राहते. मागच्या उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी पर्वती चढून यायची. पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होती. ताप-खोकला गेला, पण अंगात जोर म्हणून राहिला नाही. दंडाखालचं मांस लोंबतं, मांड्या हाताला मऊ लागतात, पोटऱ्या तर उरल्याच नाहीत. कमोडवरून उठताना मला काखेत हात घालून तिला ओढून उभं करावं लागतं. शुगरची आणि थायरॉइडची गोळी चालू आहे. गुडघ्यांसाठी ओळखीतून मिळालेल्या पुड्या ती बरीच वर्षं घेते, त्यांनी दुखणं थांबतं. भाऊ म्हणतो, वय झालं, आता असंच चालायचं. मामी म्हणतात, रोज तिळाच्या तेलाने चोळ. सोसायटीतल्या एकीने प्रोटीन पावडर सुचवली. आमच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हापासून माझ्या मनात धास्ती आहे; हे तेच तर नाही ना? आई रात्री दूधभाताशिवाय काही खात नाही आणि आमच्याकडे अंडं चालत नाही. जाता जाता माझंही विचारते. मी ४३ वर्षांची आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सैलच राहिलं आणि हल्ली खोकलं, शिंकलं की लघवीचे थेंब जातात. यावर काही उपाय असतो, की हेही वयानेच?"

ताई, आधी तुमची धास्ती दूर करते. तुम्ही वर्णन केलंय ते जीबीएससारखं दिसत नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला आणि तुमची धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती जंतूशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांना मुंग्या येतात, मग पाय लुळे पडतात आणि तो लुळेपणा काही तासांत, काही दिवसांत वर वर चढतो. काहींच्या श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो आणि व्हेंटिलेटर लागतो. तुमच्या आईचं तसं नाही. त्यांचं आजारपणानंतर हळूहळू, महिन्या-दीड महिन्यात झालं, दोन्ही बाजूंना सारखं झालं आणि वर चढत गेलं नाही.

तरी ही धास्ती वाया गेली असं मी म्हणणार नाही, कारण सैलपणा किती वेगाने आला हाच डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो. तासांत आलेला आणि महिन्यांत आलेला सैलपणा दिसायला सारखा असला तरी दोन्हींची कारणं अगदी निराळी असतात.

आता सैल नक्की काय झालंय ते पाहू, कारण बोलताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना सैल म्हणतो.

निरोगी स्नायू आराम करतानाही पूर्ण ढिला नसतो. मेंदू, मज्जारज्जू आणि नसा त्याला सतत थोडा ताणात ठेवतात, लावून ठेवलेल्या तंबोऱ्याच्या तारेसारखा. नस तुटली, दबली किंवा आजारी पडली की हा ताण जातो. हात उचलून सोडला तर धपकन पडतो, गुडघ्यावर छोटा हातोडा मारला तरी पाय उडत नाही. हा झाला लुळेपणा. दुसऱ्या प्रकारात नस शाबूत असते पण स्नायूच रोडावतो. मांस कमी होतं, त्याच्या जागी थोडी चरबी शिरते, वरची कातडी मोठ्या मापाची होऊन लोंबते. हातोडा मारला तर पाय उडतो, पण ताकद नसते. तिसऱ्यात स्नायू बरा असतो आणि फक्त कातडी व तिच्याखालचं आवरण ढिलं होतं. वजन झपाट्याने उतरलं, वर्षानुवर्षं ऊन लागलं, तंबाखू-सिगारेट झाली की कातडीतले कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे धागे झिजतात. यातला फक्त हा तिसरा प्रकार निव्वळ दिसण्याचा. त्यासाठी काळजी नको आणि महागड्या क्रीमही नकोत.

घरी फरक करायचा तर आईंना खुर्चीत बसवा, एक पाय गुडघ्यातून सरळ करून समोर धरायला सांगा आणि मांडीच्या पुढच्या भागावर तळवा ठेवा. स्नायू हाताखाली टणक झाला पाहिजे. टणक होतो पण पातळ लागतो आणि पाय लगेच थरथरत खाली येतो, तर स्नायू रोडावलाय. टणकच होत नाही, किंवा एका मांडीत होतो आणि दुसरीत नाही, तर नसेकडे बघायला हवं. पत्रावरून मला स्नायू रोडावल्याची शक्यता जास्त वाटते. खात्री मात्र प्रत्यक्ष तपासणीनेच होईल.

वयाचा वाटा आहेच. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पण ही उतरण दशकांची असते. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढणारी बाई एका पावसाळ्यात कमोडवरून उठेनाशी झाली, तर ते वयाच्या नावावर टाकता येणार नाही. भावाला हे सांगा. "वय झालं" म्हटलं की तपासणी थांबते, आणि आईंच्या बाबतीत सापडू शकतील आणि सुधारतील अशी कारणं मला पत्रातच चार-पाच दिसतायत.

सगळ्यात मोठं कारण, पलंग. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साठी-सत्तरीच्या धडधाकट माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं होतं. त्यांना आजार काही नव्हता, जेवणही व्यवस्थित होतं. तरी दहा दिवसांत नुसत्या पायांतून जवळजवळ एक किलो स्नायू गेला. तुमच्या आईंना तर न्यूमोनिया होता. जंतुसंसर्गात शरीर स्नायू मोडून त्यातली प्रथिनं लढाईसाठी वापरतं, भूक मेलेली असते, आणि आपण माणसं प्रेमापोटी म्हणतो, "उठू नकोस, पडून राहा." हॉस्पिटलमधून घरी आल्यावर कुणी त्यांना उठवून चालवलं का, फिजिओथेरपी लिहून दिली होती का, हे पत्रात नाही. बहुतेक घरांत त्याचं उत्तर नाही असंच असतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ झाला म्हणजे माणूस बरा झाला असं धरून आपण त्याला घरी सोडतो.

दुसरं, त्या पुड्या. यावर जरा थांबून लिहिते, कारण पत्रातली हीच ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, आणि घेतल्या की गुडघेदुखी जादूसारखी थांबते, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. सगळ्याच पुड्या तशा असतात असं नाही. पण बरीच वर्षं पोटात जाणारं स्टेरॉइड नेमकं मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू खातं, म्हणजे बैठकीतून उठायला लागतात तेच. त्यात दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सोबतीची लक्षणं बघा. चेहरा गोल, भरल्यासारखा झालाय का? हातापायांची कातडी कागदासारखी पातळ होऊन जरा लागलं की काळेनिळे डाग पडतात का? पोट सुटलंय पण हातपाय काटकुळे, असं दिसतं का? शुगर गोळी घेऊनही चढती राहते का?

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचून आज रात्री पुड्या फेकून देऊ नका. बरीच वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम बंद केलं तर उलट्या, रक्तदाब खाली जाणं, ग्लानी इथपर्यंत वेळ येते आणि ती जिवावर बेतू शकते. पुडी पाकिटासकट डॉक्टरांकडे न्या, किती वर्षं आणि दिवसाला किती ते सांगा. डोस कसा उतरवायचा ते डॉक्टर ठरवतील. आई ओरडा खायच्या भीतीने डॉक्टरांपुढे पुड्यांचं नाव घेणार नाहीत, म्हणून ते तुम्ही सांगा.

शुगरचं गणित दोन्हीकडून चालतं. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेण्याचं सर्वाधिक काम स्नायूच करतात. स्नायू कमी झाले की तीच गोळी अपुरी पडायला लागते. उलट, बरीच वर्षं शुगर जास्त राहिली तर नसा बिघडतात आणि पायांचे स्नायू सुकतात. एक प्रकार तर असा आहे की आधी एका मांडीत भयंकर दुखतं आणि काही आठवड्यांत ती मांडी बारीक होते. आईंना तसं झालं असेल तर आवर्जून सांगा. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन असेल, तर दीर्घकाळ घेतल्यावर शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात घरात अंडं-मांस नाही, म्हणजे बी-१२ची आवक मुळातच दूध-दह्यापुरती. ते कमी पडलं की पाय बधिर होतात, अंधारात तोल जातो.

थायरॉइडची गोळी चालू आहे एवढं पुरेसं नाही, ती आज बरोबर मापाची आहे का ते बघायला हवं. कमी पडली तर मांड्या-खांद्यांचे स्नायू मंद आणि अशक्त होतात, जास्त झाली तरीही स्नायू झडतात. आजारपणात वजन उतरलं असेल तर जुना डोस आता चुकीचा असू शकतो.

ड जीवनसत्त्वाची कमतरता तर पुण्यातल्या भर उन्हातही घरोघरी आहे. फार कमी झालं की जमिनीवरून, कमोडवरून उठताना मांड्या साथ देत नाहीत, चाल डुलती होते, हाडं दाबली की दुखतात. पण रक्त तपासल्याशिवाय ६०,००० युनिटच्या पुड्या दर आठवड्याला दुधातून वर्षभर देत राहू नका. त्याचा अतिरेक झाला की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि त्याचं एक लक्षण अशक्तपणाच आहे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर पोटॅशियमही बघायला सांगा. ते घसरलं की स्नायू ढिले पडतात. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही दाखवा, काहींना तिने स्नायूंचा त्रास होतो.

तेव्हा डॉक्टरांना थायरॉइडसाठीची टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी शुगर, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मूत्रपिंडांसाठीचं क्रिएटिनिन, ड आणि बी-१२, हिमोग्लोबिन आणि स्नायूंसाठीची सीपीके या तपासण्यांबद्दल विचारा. बहुतेक एकाच वेळी रक्त देऊन होतात.

घरी मोजण्यासारख्या दोनच गोष्टी सांगते. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार बायकांत तो घेर ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी झाल्याचा संशय घ्यायचा. पायांना सूज असेल तर हे माप फसवं येतं. दुसरी परीक्षा खुर्चीची : हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी. आईंना हाताशिवाय एकदाही उठता येत नसेल तर घड्याळाची गरजच नाही.

या सैलपणाने पुढे काय होतं, तेही स्पष्ट सांगते. पहिली भीती पडण्याची. बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडखळल्यावर सावरून घ्यायला मांडीत झटकन जोर लागतो. तो नसला की माणूस आडवा होतो, खुब्याचं हाड मोडतं, पुन्हा पलंग, पुन्हा स्नायू झडणं. पोटऱ्यांचे स्नायू चालताना पायातलं रक्त वर ढकलतात. ते थांबले की संध्याकाळी पाय सुजतात आणि शिरेत गाठ धरण्याचा धोका वाढतो. छातीचे स्नायू कमजोर असले की खोकल्यात जोर राहत नाही, कफ सुटत नाही. न्यूमोनिया एकदा होऊन गेलेल्या बाईसाठी हे फार महत्त्वाचं आहे. गिळण्याचेही स्नायूच असतात. पाणी पिताना ठसका लागायला लागलाय का, याकडे लक्ष ठेवा.

मामींच्या तेलाबद्दल. चोळल्याने बरं वाटतं, अंग हलकं होतं, लेकीचा हात लागतो. तेवढ्यासाठी जरूर चोळा. पण स्नायू वाढतो तो त्याला स्वतः काम करावं लागलं तरच. आणि एका पोटरीला दुसरीपेक्षा जास्त सूज असेल, ती गरम, दुखरी असेल, तर अजिबात चोळू नका. शिरेत गाठ असली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मग काम कसं करून घ्यायचं? तुमच्या हॉलमधली हात असलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बसकीवर एक जाड घडी किंवा कडक उशी ठेवून ती उंच करा, इतकी की आईंना थोड्याशा प्रयत्नात उठता येईल. त्यांना खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकायला सांगा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे. बहुतेक जण इथेच चुकतात, पाय पुढे पसरलेले ठेवून उठायला बघतात आणि मागे पडतात. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि टाचा जमिनीत दाबून उठायचं. हात खुर्चीच्या हातांवर असू देत. उभं राहिल्यावर एक श्वास थांबायचं. बसताना धप्पकन नाही, चार आकडे मोजत हळूहळू टेकायचं. स्नायूला या खाली येण्यातूनही पुष्कळ मिळतं. जमतील तितक्या वेळा करा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. अजिबात जड गेलं नाही तर उशी काढायची वेळ आली. मध्ये विश्रांती घेऊन दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं. बाजूला तुम्ही उभ्या राहा, पण ओढू नका.

आठवड्याभरात काही दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. दोन-तीन महिने लागतात. तोवर भाऊ म्हणेल, "बघ, म्हटलं होतं ना." त्याला बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातली गोष्ट सांगा. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या सरासरी नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचे व्यायाम दिले, तेही हलके नव्हे, त्यांच्या ताकदीच्या मानाने जड. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पटींच्या घरात गेली. तुमची आई त्यांच्यापुढे तरुण आहे. शक्य असेल तर सुरुवातीला फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. खर्च झेपत नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही फिजिओथेरपीची सोय आहे.

व्यायामाला खाण्याची जोड नसेल तर अर्धे श्रम पाण्यात जातात. आजारातून उठलेल्या वयस्क माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. आईंचं वजन ५० किलो धरलं तर ६० ग्रॅम. दूधभातात फार तर दहा ग्रॅम होतील. पण मधुमेह आहे म्हणून आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघून घ्या. मूत्रपिंडं कमजोर असतील तर हा आकडा डॉक्टर बदलतील. सगळं ठीक असेल तर सकाळी मुगाच्या धिरड्यात पनीर किसून, दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही, चहाबरोबर खारीऐवजी दाण्याचं कूट घातलेलं काही किंवा फुटाणे, रात्री दूधभाताऐवजी मऊ भाकरी आणि पिठलं. रात्रीचं जेवण फार जाणार नसेल तर थोडं आधी, सातच्या सुमाराला वाढा. पावडर औषध नाही आणि विषही नाही. एवढं खाणं जात नसेल तर दुधातून चमचा-दोन चमचे चालेल, मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर. व्यायामाशिवाय नुसती पावडर देऊन मांडी भरणार नाही.

काही लक्षणं मात्र ओपीडीच्या तारखेची वाट बघण्यासारखी नसतात. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही ज्या हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन आहे तिथेच. म्हणून माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहून ठेवायची आणि निघायचं. लुळेपणा दिवसागणिक वर चढतोय, दोन्ही पायांच्या मधला भाग बधिर झालाय, लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय, श्वास लागतोय, तर त्याच रात्री हॉस्पिटल. स्नायू सुकत चाललेत आणि कातडीखाली ते आपोआप फडफडताना दिसतात, तर मेंदू-नसांच्या डॉक्टरकडे लवकरात लवकर जा. आणि तुमच्या इमारतीत कुठे १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला तर पालकांना लगेच सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा. भारतात जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला सापडला, तरी अशा प्रत्येक मुलाची नोंद आणि शौचाची तपासणी आजही होते.

आता तुमच्याबद्दल. ताई, तुम्ही हे "जाता जाता" लिहिलंत, त्याने मला वाईट वाटलं, कारण बायका स्वतःचं दुखणं असंच पत्राच्या तळाशी लिहितात. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचं एक जाळं असतं, त्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय पेललेले असतात. गरोदरपणात नऊ महिने ते ताणलं जातं. सिझेरियन झालं असलं तरी हा भार चुकत नाही. ते ढिलं पडलं की खोकताना मूत्राशयाचं तोंड मिटून राहत नाही. याला वय म्हणत नाहीत आणि यावर उपाय आहे.

वारा सरताना चारचौघांत तो आवरायचा म्हणून आपण जे आकसून घेतो, तेच स्नायू आत-वर ओढायचे. पाच ते दहा आकडे धरायचं, तितकाच वेळ सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. चालू लघवी मध्येच थांबवून हा व्यायाम करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. तीन महिने नेटाने केलं तर बऱ्याच जणींचा त्रास कमी होतो. शिंकायच्या आधी हेच आकसून घेतलंत तर आजपासूनच थोडा फरक जाणवेल.

पोटाचं असं बघा : उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं आडवी टेकवा. दोन्ही बाजूच्या स्नायूंमध्ये दोनपेक्षा जास्त बोटं मावत असतील तर ते बाळंतपणात फाकलेत आणि मधला पडदा सैल राहिलाय. अशा वेळी सिट-अप्स मारू नका; मधोमध फुगवटा येत असेल तर त्याने वाढतो. पट्टा बांधला की कपडा नीट बसतो, स्नायू बांधला जात नाही. बाळंतिणींचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट गाठा. आणि खाली जड वाटत असेल, अंग बाहेर आल्यासारखं हाताला लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथेही ऑपरेशनच्या आधी व्यायाम आणि आत बसवायची रिंग असे पर्याय असतात. जळजळ होत असेल किंवा लघवी लाल दिसली तर आधी लघवीची तपासणी.

तुमचं हे दुखणं वाढवणारी एक गोष्ट तुम्ही रोज करताय. आईंना काखेतून ओढून उठवणं. त्या वेळी पोटावर जो दाब येतो तो सगळा खाली जातो. आईंच्या खांद्यांनाही ते बरं नाही. सैल पडलेल्या खांद्याचा सांधा ओढल्याने जागेवरून सरकू शकतो. कमोडवर उंची वाढवणारी सीट मिळते, सर्जिकलच्या दुकानात, ती आजच आणा. शेजारच्या भिंतीत पकडायला स्टीलचा दांडा पक्का ठोकून घ्या, भावाला हे काम द्या. उठवायची वेळ आलीच तर बाजूला उभं राहून त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला धरा, त्यांना पुढे वाकायला सांगा, तुम्ही गुडघे वाकवा आणि श्वास सोडत त्यांच्याबरोबर वर या.

आईंना तपासायला न्याल तेव्हा पुडीचं पाकीट, सगळ्या गोळ्यांची पानं आणि हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद सोबत घ्या. आणि त्याच आठवड्यात स्वतःचीही वेळ घेऊन ठेवा.